रिकामं सॉकेट

घरातलं नेट बंद पडलं, की माणूस आधी कुणावर तरी संशय घेतो आणि मग मला फोन लावतो. शेजाऱ्यानं पासवर्ड चोरला, धाकट्या भावानं जळून वायर ओढली, कंपनीनं गुपचूप स्पीड कापला. आणि यातलं काहीच पटण्यासारखं नसेल, तर परवा घरी येऊन गेलेला तो माणूसच काहीतरी करून गेला. तो माणूस म्हणजे मी. जालन्याच्या गच्च्यांवरून आधी टीव्हीची केबल ओढली, मग इंटरनेटची. लोकांच्या भिंतींना भोकं पाडण्यात माझी हयात गेली. आता गुडघे शिडीला नाही म्हणतात, त्यामुळं तक्रारीचे फोन घ्यायचे, अगदीच अडलं तर जाऊन बघायचं आणि कधी एखाद्या घरात डबा बसवून द्यायचा, एवढंच काम उरलंय.

संशयाच्या बाबतीत मीही काही कमी नाही. कुणाच्या घरात पाऊल टाकलं की माझी नजर आधी डब्यावर जाते, मग घरातल्यांच्या तोंडावर. ‘कुणीच हात लावला नाही हो’ हे वाक्य इतक्या घरांत ऐकलंय, की ते सगळ्यात आधी ज्यानं म्हटलं त्याच्याकडंच मी बघत बसतो. बहुतेक वेळा माणूस बरोबर सापडतो. साफसफाईत ओल्या फडक्यानं डबा पुसणाऱ्या सुना पकडल्या, पोरांचा अभ्यास व्हावा म्हणून वायर अर्धवट उपसून ठेवणारे बाप पकडले. तोंडावरून चोर ओळखतो म्हणून ऑफिसातली पोरं मला ‘फौजदार’ म्हणायची आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

बाहेरच्या माणसाला आमचं काम कळावं म्हणून थोडं सांगतो. रस्त्यावरून तुमच्या घरात येते ती काचेची बारीक तार. तिच्यातून उजेड येतो. त्या उजेडाचं नेट करणारं यंत्र म्हणजे मोडेम आणि ते नेट घरातल्या मोबाइलांना वाटून देणारं यंत्र म्हणजे राउटर. हल्ली दोन्ही एकाच पांढऱ्या डब्यात येतात, म्हणून आमच्याकडं सगळ्यांचं मिळून नाव ‘डबा’. या डब्यातून दोन प्रकारच्या लहरी निघतात. एक दूर जाते, पण हळू चालते. दुसरी फार वेगात चालते, पण एक-दोन भिंती ओलांडल्या की तिचा दम संपतो. लोखंड, स्टील, आरसा, पाण्याची टाकी आणि स्लॅब यांचं दोघींशीही वैर. म्हणून डबा घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर, मोकळा ठेवावा. असा ठेवलेला डबा मी फार थोड्या घरांत पाहिला.

डबा विकत घेताना लोक शिंगं मोजतात. शिंगं म्हणजे अँटेना. मंठ्याला बी-बियाण्यांचे एक दुकानदार होते, दुकानाच्या मागंच त्यांचं घर. त्यांनी पुण्याहून चारी बाजूंनी शिंगं असलेला, कोळ्यासारखा दिसणारा डबा आणला आणि दुसऱ्याच दिवशी मला बोलावलं. नेट स्वयंपाकघरातसुद्धा पोचत नव्हतं. शेजारी ओढून घेतो, याबद्दल त्यांची खात्री होती. मी म्हटलं, डबा दाखवा. त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि लोखंडी कपाट उघडलं. दागिन्यांच्या कप्प्याखाली डबा बसवलेला. ‘कामाला माणसं येतात जातात, बाहेर ठेवायचा भरवसा न्हाई,’ ते म्हणाले. मी म्हटलं, कपाट उघडं ठेवा, सगळं बराबर चालेल. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी एक पाऊल मागं सरकलो. शेवटी त्यांनी कपाटाच्या दाराला साखळी लावली आणि दार दोन बोटं उघडं राहील असं केलं. नेटही तेवढंच चालू लागलं. शेजाऱ्यावरचा त्यांचा संशय मात्र शेवटपर्यंत गेला नाही.

मला सांगायची आहे ती गोष्ट जालन्यातल्याच एका गल्लीतली. गणेश नावाचा तरुण एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये कामाला होता. रोज मोटारसायकलवरून जायचा, संध्याकाळी काळा-तांबडा होऊन यायचा. घरात आई कमलबाई आणि नुकतीच लग्न होऊन आलेली बायको वैशाली. वैशाली टेंभुर्णीची, गणित घेऊन शिकलेली. एका ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीत तिला काम मिळालं होतं. दुपारी लॅपटॉपसमोर बसायचं आणि कुठल्या कुठल्या शहरांतल्या मुलांना अपूर्णांक शिकवायचे. काम पक्कं झालेलं नव्हतं. सुरुवातीचे काही महिने कंपनी पारखून घेणार होती आणि क्लास मध्येच तुटता कामा नये, ही पहिली अट होती.

वैशालीची खोली वरच्या मजल्यावर, तार मात्र खालच्या पुढच्या खोलीत आलेली. मध्ये स्लॅब आणि जिन्याला लागून स्वयंपाकघराची भिंत. त्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टीलची मांडणी, तिच्यावर घासूनपुसून लखलखीत केलेले डबे, ताटं आणि घागरी. मला घागरीत माझं तोंड दिसत होतं, तर लहरींची काय कथा! गणेशनं ऑनलाइन एक रिपीटर मागवला होता. रिपीटर म्हणजे अर्धवट ऐकून पुढं सांगणारा माणूस. त्याला जे ऐकू येईल तेच तो जोरात सांगणार, आणि सांगता सांगता वेग निम्मा करणार. मी तो परत करायला लावला. खालच्या डब्यापासून जिन्याच्या कडेनं वायर वर नेली आणि बरोबरच्या पोराला शिडीवर चढवून वैशालीच्या खोलीच्या छताला ॲक्सेस पॉइंट बसवला. पांढरी, ताटलीएवढी चकती, मध्ये निळा दिवा. खालच्या डब्यातलं नेट वायरीतून वर जातं आणि तिथं नव्यानं पसरतं. घरात दोन मजले असतील तर याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

पुढच्या खोलीत दाराजवळच्या भिंतीवर मला एक सॉकेट रिकामं सापडलं होतं. आमच्या धंद्यात रिकामं सॉकेट म्हणजे लॉटरी. कुठं फ्रिज, कुठं मोबाइल, कुठं मच्छरची मशीन. सगळीकडं काही ना काही खुपसलेलं असतं. हे मोकळं, मोठं, दणकट. मी आनंदानं डब्याची पिन तिथं लावली. कमलबाई उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या.

‘भाऊ, तिथंच लावता का?’ त्यांनी विचारलं.

‘का ताई, इथं काही लागतं का?’

त्यांनी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडं पाहिलं, मग बाहेर ओट्याकडं. ‘न्हाई, न्हाई. लावा.’

त्यांना बरं वाटावं म्हणून मी निघताना म्हटलं, ‘ताई, आता वरचं वेगळं केलंय बघा. खालचं तुमचं, वरचं सूनबाईचं. तिचं काम सुरू असलं तरी तुमच्या सिरियलला अडचण नाही.’ म्हाताऱ्या माणसांना मी असंच सांगतो. मोडेम आणि राउटर त्यांना समजावत बसलो तर दिवसाला एकच घर होईल.

पहिले काही दिवस सगळं छान चाललं. मग वैशालीचा फोन आला. क्लास चालू असताना नेट गेलं. ‘काका, चकतीचा निळा दिवा चालूय, पण नेट न्हाई.’ मी पोचलो तोवर नेट आलेलं. आठवडा गेला, पुन्हा तेच. मग पुन्हा. वेळ ठरलेली नाही, वार ठरलेला नाही. घरात इन्व्हर्टर होतं, म्हणजे लाईट जाण्याचा प्रश्न नव्हता. रस्त्यावरची तार मी दोनदा तपासली, ठणठणीत. तिसऱ्या खेपेला मी मोबाइलवरून डब्याच्या आत शिरून बघितलं. डबा किती वेळापासून जागा आहे हे त्यात दिसतं. तो नुकताच जागा झालेला होता. म्हणजे नेट जात नव्हतं. कुणीतरी डब्याची पिनच काढत होतं आणि मी यायच्या आत परत घालत होतं.

दुपारी घरात दोघीच असायच्या. वर दार लावून शिकवणारी सून आणि खाली सासू. फौजदाराला आणखी काय पाहिजे? मी कमलबाईंना विचारलं, ‘ताई, तुम्ही नेट बंद करता का?’

‘मी तिच्या नेटला हात लावत न्हाई,’ त्या ताडकन म्हणाल्या. ‘वर पाय ठेवत न्हाई मी. देवाशप्पथ.’

मी खालच्या डब्याचं विचारतोय आणि या वरचं सांगताहेत. चोराच्या तोंडी नको तिथली साक्ष आली, असं मी मनात म्हटलं. त्यातून ओट्यावर नळाच्या खड्ड्याशेजारी काहीतरी गोणपाटाखाली झाकलेलं होतं आणि माझी नजर तिकडं गेली की त्या बरोबर मध्ये येऊन उभ्या राहत होत्या. ही बाई काहीतरी लपवते आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. वैशालीनंही जिन्यात हळूच सांगितलं होतं, की लॅपटॉपमधल्या माणसांशी बोलत बसणं हे सासूबाईंना पहिल्यापासून काम वाटत नव्हतं.

संध्याकाळी मी गणेशला फोन केला. ‘लाईन बरोबर आहे. डब्याची पिन घरातूनच कुणीतरी काढतंय.’

‘काका, घरात तर आईच असती,’ तो म्हणाला.

‘मग तूच समज,’ मी म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हा मला फार समाधान वाटलं होतं. आज ते वाक्य आठवलं की तोंड कडू होतं.

त्या फोननंतर त्या घरात काय झालं ते मला गणेशनंच सांगितलं. वैशालीनं सासूला तोंडावर विचारलं. सासू म्हणाली, मी हात लावला न्हाई. वैशाली म्हणाली, मग भुतानं लावला का? दोघींचं बोलणं बंद झालं. जेवणाच्या वेळा वेगळ्या झाल्या. तशातच आणखी एकदा क्लास तुटला आणि कंपनीनं शेवटचं कळवलं. येत्या मंगळवारी दुपारी वरचे साहेब स्वतः क्लासमध्ये हजर राहून बघणार. तास पूर्ण झाला तर काम पक्कं, तुटला तर मुलं दुसऱ्या बाईंकडं. वैशालीनं बॅग भरून ठेवली होती. काम गेलं तर ती टेंभुर्णीला निघून जाणार होती, आणि परत कधी येणार हे ती सांगत नव्हती. गणेशला मिलमधून सुट्टी मिळेना. ‘काका, तुम्ही त्या तासाला खाली बसा,’ तो म्हणाला. ‘आईला मी काही बोललो तर ती रडती. तुम्ही नुसतं बसा.’

मी गेलो. वैशाली चांगला ड्रेस घालून, केस नीट बांधून वर गेली. जाताना सासूच्या अंगावरून गेली, पण तिच्याकडं पाहिलं नाही. मी डब्याला खेटून खुर्ची टाकली आणि बसलो. वरून दार लागल्याचा आवाज आला आणि मग तिचं बोलणं सुरू झालं. शब्द कळत नव्हते, नुसता सूर येत होता. मधूनच हसल्याचा.

कमलबाई समोर भिंतीला टेकून बसल्या होत्या. लसूण सोलत होत्या, पण लक्ष लसणात नव्हतं. कधी छताकडं बघायच्या, कधी सॉकेटकडं, कधी माझ्याकडं.

‘भाऊ, च्या घेता?’

‘नको ताई.’

‘वर जाऊन बघा की बराबर चालू हाय का.’

‘इथूनच दिसतंय.’

मला उठवायला बघतेय, मी ताडलं आणि खुर्ची आणखी थोडी भिंतीकडं सरकवली.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बायकांचा गलका झाला. ‘नळ आले! नळ आले वं!’ आमच्याकडं या आरोळीला काय किंमत आहे, ते रोज पाणी येणाऱ्या गावातल्या वाचकाला कळणार नाही. नळ एकदा येऊन गेले की पुन्हा कधी येतील ते कुणी सांगू शकत नाही. आधीच्या दिवसांत पहाटे यायचे, अलीकडं दुपारी कधीही येऊ लागले होते. आले की तासभर. त्या तासात ड्रम, टाकी, घागरी, बादल्या, अगदी पातेल्यांपर्यंत सगळं भरून घ्यायचं. गल्लीत एकदम पळापळ झाली आणि घराघरांतून घरघर सुरू झाली. नळाला मोटारी लावलेल्या. लावायला बंदी आहे, धाड पडली तर मोटार उचलून नेतात, म्हणून एरवी त्या गोणपाटाखाली असतात. हे सगळं मला ठाऊक होतं. माझ्या घरीही एक आहे.

कमलबाई झटकन उठल्या आणि ओट्यावर गेल्या. त्यांनी गोणपाट उचललं. खाली मोटार होती. वायर हातात धरून त्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. सॉकेटकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. वरून वैशालीचा आवाज येत होता, तो ऐकत त्या तशाच उभ्या राहिल्या. मग वायर गुंडाळली, मोटारीवर गोणपाट टाकलं आणि धार यावी म्हणून खोल घेतलेल्या नळाच्या खड्ड्यात तांब्या घेऊन उतरल्या.

शेजारच्या शांताबाई भिंतीवरून डोकावल्या. ‘कमल, मोटार लाव ना वं! आमच्या मोटारीनं सगळं ओढून घेतलं, तुला थेंब मिळणार न्हाई.’

‘आज न्हाई लावायची.’

‘कामून?’

‘न्हाई म्हन्लं ना.’

मी मनात हसलो. गळ्यात ओळखपत्र असलेला माणूस दारात बसलाय, बाई घाबरली. मला ती पाणीवाल्यांचा माणूस समजत असणार. पिन काढायची सोय उरली नाही आणि मोटार लावायची हिंमत झाली नाही, एका खुर्चीत दोन कामं झाली. नळातून करंगळीएवढी धार येत होती, मग ती सुतासारखी झाली. कमलबाई खड्ड्यात वाकून तांब्यानं घागरीत पाणी ओतत होत्या. शांताबाईंची टाकी भरून वाहायला लागल्याचा आवाज आला. इथं दुसरी घागर निम्मी झाली नव्हती. वरचा आवाज मात्र एकदाही तुटला नाही.

तास संपत आल्यावर मला त्यांची थोडी दया आली. मी उठून ओट्यावर गेलो. ‘ताई, तुम्ही माझ्यामुळं मोटार लावली नाही ना? मी पाणीवाला नाही हो. लावा बिनधास्त, मी कुणाला सांगणार नाही.’

त्यांनी वर पाहिलं. त्या नजरेत भीतीचा मागमूस नव्हता.

‘तुमाला कोन भेतंय?’ त्या म्हणाल्या. ‘पोरगी वर परीक्षा देऊन राह्यली. मोटार कुठं लावू? पिन तर तुमची बसलीय तिथं.’

मी सॉकेटकडं वळून पाहिलं. दाराजवळ, ओट्याच्या अगदी मागं, मोठं आणि दणकट. मोटारीचं सॉकेट. रिकामं होतं, कारण मोटार लपवलेली होती.

‘मागच्या टायमाला नळ आल्ते,’ त्या हात न थांबवता बोलत होत्या. ‘मी तुमची पिन काढली, मोटारीची घातली. तवा पोरगी वर बोलून राह्यली व्हती. मधीच गप झाली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मंग मी मोटार काढली, तुमची पिन घातली, अन् जराशानं ती पुन्हा बोलाय लागली. तवापासून माझ्या मनात आलं, की हे माझ्याच हातानं होऊन राह्यलंय का काय. पन तुमीच तर सांगून गेल्ते, खालचं येगळं अन् वरचं येगळं. मंग वाटलं, भास असंल. आज तिची परीक्षा. म्हन्लं, आज पिन काढून बघाय जायचं न्हाई.’

‘मग ताई, गणेशला तरी सांगायचं.’

‘काय सांगू? तुमी, गणेश, ती, सगळ्यायनी आधीच ठरवून टाकलं व्हतं. माझ्या हातानं झालं असंल असं मी म्हन्ले असते, तर तुमी मुद्दाम केलं म्हन्ले असते.’ त्यांनी तांब्या घागरीत उपडा केला. ‘तुमी आज माझ्यावर पहारा द्यायलाच बसलेत ना? बसा. मला काय!’

त्या घरात आम्ही सगळे एकमेकांवर संशय घेत होतो. आपल्यावर संशय घ्यायचं फक्त त्या बाईला सुचलं होतं, आणि त्या संशयापायी तिनं हातातलं पाणी सोडलं होतं.

वरचं दार धाडकन उघडलं. वैशाली जिन्यावरून जवळजवळ पळतच आली. ‘काका, झाला! पूर्ण तास झाला! साहेब म्हणाले, पुढची मुलंही तुम्हालाच देतो.’ तिचा चेहरा फुलला होता. मग ओट्यावर सासू दिसली आणि तिचा आवाज बदलला. ‘तुम्ही बसले म्हणून झालं काका. आज कुणाला पिन काढता आली न्हाई.’

कमलबाईंनी मान वर केली नाही. त्या ओतत राहिल्या. मी म्हटलं, ‘वैशाली, थांब जरा. इकडं ये आणि ऐक.’ आणि सगळं सांगितलं. सॉकेट कुणाचं, पिन का निघायची, वरचं आणि खालचं वेगळं आहे असं कोण सांगून गेलं होतं, आणि आज मोटार का लागली नाही. सांगताना माझा आवाज फौजदाराचा राहिला नव्हता.

वैशाली उंबऱ्यात उभी होती. तिनं ओट्यावरचे दोन्ही कोरडे ड्रम पाहिले, रिकामी टाकी पाहिली, ती निम्मी घागर पाहिली. मग तिनं चांगल्या ड्रेसची ओढणी कमरेला खोचली, खड्ड्यात उतरली आणि सासूच्या हातातला तांब्या घेतला.

‘आई, सरका. तुमची कंबर दुखती.’

‘तुझा चांगला ड्रेस भिजंल.’

‘भिजू द्या.’

तिनं तांब्या धारेखाली धरला. नळ दोनदा खाकरला, थोडी हवा सोडली आणि बंद झाला. दोघी नळाकडं बघत तशाच बसून राहिल्या. मग कमलबाईंना हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांना पदर लागला. शांताबाई भिंतीवरून सगळं ऐकत होत्या. त्यांनी काही न विचारता आपल्या टाकीतला पाइप भिंतीवरून इकडं टाकला.

मी त्याच दिवशी बाजारातून सामान आणलं आणि डब्यासाठी आतल्या भिंतीवर वेगळं सॉकेट काढून दिलं. जुनं सॉकेट मोटारीला परत केलं. तेव्हापासून नव्या घरात डबा बसवताना रिकामं सॉकेट दिसलं की मी आधी विचारतो, हे कशाचं आहे? लोक आधी ‘कशाचंच नाही’ म्हणतात. मग मी गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात ठेवतो आणि पुन्हा विचारतो. आणि कितीही म्हातारं माणूस असलं, तरी खालचा डबा बंद झाला की वरचाही बंद होतो, हे त्याला पाया पडल्यासारखं समजावून सांगतो. दिवसाला एक घर कमी झालं तरी चालतं.

अलीकडं एकदा रस्त्याच्या खोदकामात आमची मोठी तार तुटली. अर्ध्या गावाचं नेट गेलं. माझा फोन खणखणू लागला, आणि पहिलाच फोन कमलबाईंचा.

‘भाऊ, कमल बोलून राह्यले. नेट गेलं. आधीच सांगते, मी हात न्हाई लावला.’

मागून वैशालीचा आवाज आला. ‘आई, तुमचं नाव कुणी घेतलंय का? कशाला असं म्हणता?’

‘ताई, मला ठाऊक आहे,’ मी म्हटलं. ‘रस्त्यावर तार तुटलीय. संध्याकाळपर्यंत होईल चालू.’

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘तरी येऊन बघून जा भाऊ. तुमची खात्री झालेली बरी.’

तिथं जाऊन काही उपयोग नव्हता. दोष रस्त्यावर होता आणि तो दुरुस्त करायला पोरं गेली होती. तरी मी गेलो. कमलबाईंनी खुर्ची पुढं केली, ती नेमकी डब्यासमोर होती. मी ती उचलून फिरवली, डब्याकडं पाठ करून बसलो आणि म्हटलं, ‘ताई, आज च्या घेतो.’